निजणार कोण?

वरकुट्याच्या गुलजार पिंजाऱ्याला डॉक्टरनं "गादी बदला" असं सांगितलं, तेव्हा त्याच्या पाठीपेक्षा त्याचं मनच जास्त दुखलं. हलवायाला कुणी सांगावं, की बाबा, जरा चांगले पेढे विकत आणून खा, तशातली ही गत. इंदापूर तालुक्याच्या त्या अंगाला चाळीस वर्षं त्यानं लोकांच्या पाठी निजवल्या होत्या. कितीतरी घरांतल्या लग्नाच्या गाद्या त्याच्या हातच्या. आणि हा कालचा डॉक्टर, ज्याच्या आईच्या बाळंतपणातली गादीसुद्धा कदाचित गुलजारनंच भरली असेल, तो त्याला गादी शिकवत होता.

पण गुलजार नुसता उठला. गोळ्या घेतल्या, सलाम केला आणि स्टँडवर येऊन एसटीची वाट बघत बसला. डॉक्टर बरोबर बोलला होता हे त्याला माहीत होतं. पाठ का दुखते हे तर त्याला डॉक्टरपेक्षा चांगलं माहीत होतं.

त्याची कामाची एक पद्धत होती. कुणाच्याही अंगणात कापूस पिंजायची धनुकली टेकवली, की कापूस बघायच्या आधी तो विचारायचा, "निजनार कोन?" गिऱ्हाईक हसायचं. गादीवर कोण निजणार याच्याशी पिंजाऱ्याला काय करायचंय? पण सगळं त्यावरच असायचं. म्हातारं माणूस असेल तर कापूस दोनदा पिंजायचा, म्हणजे गुठळी राहत नाही. बाळंतिणीची गादी पातळ आणि टाके जवळजवळ. अंगापिंडानं दांडगा गडी असेल तर कापूस जास्त आणि त्याच्याशी बडबड कमी. आणि नवं जोडपं निजणार असेल, तर गुलजार तोंडातून अवाक्षर न काढता मधल्या पट्ट्यात कापूस थोडा कमी भरायचा. गादीला मधोमध दोन बोटं सखल यायची. भांडून दोन कडांना तोंडं करून झोपलेली नवरा-बायको उजाडेपर्यंत आपोआप मधे येतात, असं त्याचं गणित. हे तो गिऱ्हाइकाला कधी सांगत नसे. माहीत होतं फक्त वहिदाला, कारण टाके ती घालायची. दाभण ओढत ओढत मधल्या पट्ट्यापाशी आली, की ती खाली मान घालून हसायची.

त्यांची स्वतःची गादीही तशीच होती. निकाहाच्या वर्षी भरलेली. दर तीन-चार वर्षांनी दोघं मिळून ती उसवायचे, कापूस ऊन दाखवून पुन्हा पिंजायचे, पुन्हा भरायचे, आणि मधली दोन बोटं दर वेळी तशीच ठेवायचे. केस पांढरे झाले तरी ठेवायचे. एकदा गुलजार म्हणाला होता, "आता कशाला गं? आता तर भांडायचं बी त्रान न्हाय." त्यावर वहिदा म्हणाली होती, "ऱ्हाऊ द्या. थंडीत बरं पडतं."

दोन वर्षांपूर्वी वहिदा गेली. सखल जागा राहिली. दोन बाजूंनी दोघं आले तर ती भरते. एकटा माणूस तिच्यात नुसता घरंगळतो आणि कमरेत मोडल्यासारखा पडून राहतो. गुलजार रोज आपल्या डाव्या कडेला निजायचा आणि रोज मधोमध जागा व्हायचा. पलीकडून त्याला अडवायला कुणी नव्हतं. त्याच्या पाठीचं दुखणं हे एवढंच होतं.

मग उसव आणि सरळ भर, असं कुणीही म्हणेल. त्याचा मुलगा नईम चाकणला कंपनीत होता, तोही फोनवर हेच म्हणाला. पण धनुकलीनंतर घेतलेलं पिंजायचं मशीनही विकून चार वर्षं झाली होती आणि गादी एकट्यानं होत नाही. एकानं धरायची, दुसऱ्यानं टाका ओढायचा. शिवाय त्या गादीवरचे टाके वहिदानं घातलेले. त्यांना कात्री लावायला गुलजारचा हात धजत नव्हता, आणि ही काही मुलाला फोनवर सांगायची गोष्ट नव्हे.

"मग नवी घ्या, अब्बा. मी ऑनलाइन मागवतो."

"नगं. गादी हात लावून घ्यायची आसती," गुलजार म्हणाला. आणि वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा गादी विकत घ्यायला तो गुरुवारच्या एसटीनं बारामतीला गेला.

पहिल्या दुकानात ऋषिराज नावाचा, केसांना भरपूर काहीतरी चोपडलेला विक्रेता होता. त्यानं गुलजारला धड बसूही दिलं नाही. "काका, हा मेमरी फोम. म्हणजे आठवण ठेवणारी गादी. तुमचं अंग हिच्या लक्षात राहतं."

गुलजारनं पंजा दाबला. पंजाचा ठसा उमटला, पाची बोटांचा, अगदी नखांसकट. मग तो हळूहळू वर आला आणि बघता बघता नाहीसा झाला. गुलजारनं ऋषिराजकडं पाहिलं.

"ही तर इसरली," तो म्हणाला.

ऋषिराजनं मग वॉरंटी सांगितली, ऑफर सांगितली, कुठल्या तरी परदेशी झाडाचं नाव सांगितलं. गिऱ्हाइकाला एक प्रश्न म्हणून विचारला नाही. गुलजारला राग आला तो याचा. कापसाला हात लावायच्या आधी माणूस विचारावा, एवढंसुद्धा ज्याला ठाऊक नाही तो काय गाद्या विकणार? तो उठला आणि भिगवण रस्त्यावरच्या दुसऱ्या दुकानात गेला.

हे दुकान काचेचं, थंडगार. तीसेक गाद्या पलंगांवर मांडलेल्या आणि त्यांच्यामधे निळा कोट घातलेली एक मुलगी उभी. तिच्या छातीवर नावाची पट्टी होती, रेश्मा. सुप्याची होती, रोज एसटीनं जा-ये करायची, हे नंतर कळलं. तिनं गुलजारला पाणी दिलं, नाव विचारलं, आणि नाव कळल्याबरोबर 'काका'चं 'चाचा' केलं. मग हातातला टॅब उघडला.

"चाचा, गादी दाखवायच्या आधी मला काही प्रश्न विचारायचेत. चालतील?"

गुलजार सावरून बसला. सगळ्या बारामतीत एक तरी जाणकार भेटलं, असं त्याला वाटलं. "इचार की."

"सिंगल का डबल?"

"डबल," गुलजार ठासून म्हणाला.

पिंजाऱ्याच्या धंद्यात सिंगल म्हणजे मशीनमधून एकदा काढलेला कापूस आणि डबल म्हणजे दोनदा. म्हाताऱ्या पाठीला डबलच लागतो. त्यात विचारायचं काय? पण रेश्मा टॅबवर बोट टेकवत म्हणाली, "म्हणजे तुम्ही आणि चाची."

आपण काय बोलून बसलो हे गुलजारच्या तेव्हा लक्षात आलं. त्यानं दुरुस्त करायला तोंड उघडलं. पण दुरुस्त करायचं तर एक वाक्य बोलावं लागणार होतं, आणि ते वाक्य त्यानं आजवर कधी बोललेलंच नव्हतं. गावात सांगायची वेळ आली नाही. सगळं गाव मातीला होतं. नईम तर दवाखान्यातच शेजारी उभा होता. पाहुण्यांना त्यानंच कळवलं. दोन वर्षांत 'वहिदा गेली' हे शब्द गुलजारच्या जिभेवर एकदाही आले नव्हते, आणि आता या थंडगार दुकानात, अनोळखी पोरीपुढं, ते येईनात. तो शब्द जुळवत होता तोवर पोरीनं पुढचा प्रश्न विचारला.

"चाचींना कडक गादी लागते का मऊ?"

"कडक," गुलजार म्हणाला. आणि हे खरं होतं.

"कुठल्या कुशीवर झोपतात?"

"उजव्या. भिंतीकडं त्वांड करून."

"काही दुखणं वगैरे?"

"गुडगं. दोनी गुडगं. पर सांगायची न्हाय कदी. निजताना नुसतं 'या अल्ला' म्हनायची, तेवड्यावरनं मी वळकायचो."

एक 'डबल' सोडलं तर त्यानं त्या प्रश्नांना एकही खोटं उत्तर दिलं नाही. वहिदाचे पाय थंडीत बर्फासारखे व्हायचे हे सांगितलं. तिला उशी पातळ लागायची, शेवरीच्या कापसाची, हे सांगितलं. फक्त 'व्हायचे', 'लागायची' या शब्दांकडं रेश्माचं लक्ष गेलं नाही. म्हातारी माणसं असंच बोलतात असं तिला वाटलं असेल. अर्धा तास गेला. चहा झाला. गुलजार एवढं बोलला, की त्याच्या घशाला कोरड पडली. वरकुट्यात कुणी त्याला वहिदाबद्दल विचारत नसे. त्याला वाईट वाटेल म्हणून विचारत नसत. चांगुलपणाच तो, पण त्या चांगुलपणानं दोन वर्षांत घरात तिचं नावसुद्धा निघालं नव्हतं.

"आता असं करा, चाचींना घेऊन या," रेश्मा शेवटी म्हणाली. "डबल गादी दोघांनी झोपून बघितल्याशिवाय घेऊ नये."

"आनतो," गुलजार म्हणाला.

पुढच्या गुरुवारी तो एकटाच गेला. चाचींचे गुडघे आखडलेत म्हणाला. त्याच्या पुढच्या गुरुवारी चाचींना एसटी लागते म्हणाला. चौथ्या वेळी चाची लेकीकडं गेलीय म्हणाला, आणि त्याला लेक नव्हतीच. खोट्याचं असंच असतं. एक ठेवून घेतलं की त्याच्या जेवणाखाण्याचं बघावं लागतं. पण त्या एका तासासाठी तो आठवडाभर थांबायचा. सदरा धुऊन ठेवायचा. रेश्मा एखादी नवी गादी दाखवायची, तो तिच्यावर आडवा व्हायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "मला बरी वाटती. पर तिला न्हाय आवडायची. तिला पाटीखाली कायतरी हाय आसं वाटाय लागतं." त्या दुकानात वहिदाला मत होतं.

तोही मग रेश्माला चार गोष्टी शिकवायचा. कापूस मुठीत आवळून सोडला की कसा उमलला पाहिजे, शिळा कसा ओळखायचा. तीही ऐकायची. एकदा त्यानं विचारलं, "पोरी, तू बसत का न्हाईस? एवड्या गाद्या हायत्या."

"आम्हाला बसायला परवानगी नाही, चाचा. सकाळी दहा ते रात्री आठ उभंच राहायचं." मग इकडं तिकडं बघून हळूच सुप्याच्या बोलीत म्हणाली, "घरी गेल्यावर सतरंजीवर पडते. कशाची गादी अन् कशाचं काय!"

गुलजारला त्या पोरीची कणव आली.

जाताना एसटी बारामतीच्या जवळ येईल तशी वहिदा जिवंत व्हायची. परतताना भवानीनगर मागं पडेपर्यंत ती शेजारच्या सीटवर बसल्यासारखी वाटायची. लासुर्ण्याला गाडी भरायची, आणि त्या सीटवर कुणीतरी पिशवी मांडीवर घेऊन येऊन बसायचं. गुलजार सरकून जागा द्यायचा आणि खिडकीबाहेरच्या उसाकडं बघत राहायचा. तिथून वरकुट्यापर्यंतचा रस्ता फार लांब वाटायचा.

हे किती दिवस चालणार होतं? गादी घेतली, की दुकानात जायला निमित्त नाही. खरं सांगितलं, तर जायला तोंड नाही. म्हणून तो घेतही नव्हता आणि सांगतही नव्हता.

पाचव्या गुरुवारी तो एका गादीवर डोळे मिटून पडला होता, तेव्हा काचेच्या केबिनमधून मॅनेजरचा आवाज आला. झोपलेल्या माणसाला ऐकू येत नाही अशी मॅनेजर लोकांची समजूत असते.

"रेश्मा, हे तुझं गिऱ्हाईक पाचव्यांदा आलंय. लोळायला येतात का इथं? एसी फुकट, चहा फुकट. महिना संपत आलाय, तुझं टार्गेट कुठंय?"

"सर, घेणार आहेत ते. चाचींना आणणार आहेत. चाचींचे गुडघे दुखतात म्हणून थांबलंय."

"आहेत का खरंच चाची?"

"असं काय बोलता, सर!" रेश्माचा आवाज चढला. "मला त्यांच्या उशीचा कापूससुद्धा माहितीये."

गुलजारनं डोळे उघडले. आपल्या खोट्याची जामीन ही पोर राहिली, आणि तेही आपल्या नोकरीवर. तो उठून बसला, चपला घातल्या, आणि जाताना तिला म्हणाला, "फुडच्या गुरवारी घेतो. पक्कं. तुज्या सायबाला सांग."

तो आठवडा त्याला फार जड गेला. ठरवलं मात्र त्यानं नीट. सिंगल गादी घ्यायची. रेश्मानं कारण विचारलं, की सांगून टाकायचं. पोर समजूतदार आहे; रागावली तर रागावली. फसवून डबल घ्यायची नाही. सहाव्या गुरुवारी एसटीत बसल्यापासून तो मनाशी घोकत होता, 'सिंगल. सिंगल दे, पोरी. निजनारा एकच हाय.' कंडक्टर तिकिटाला आला तेव्हाही त्याच्या तोंडून तेच निघालं.

"सिंगल."

"चाचा, सिंगल कुठलं? गाव सांगा की!"

आजूबाजूची माणसं हसली. गुलजारही हसला. जमेल, असं त्याला वाटलं. शब्द निदान बाहेर तरी पडला होता.

दुकानात शिरला तर रेश्मा दारातच उभी. तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक लहानशी, डमरूच्या आकाराची उशी होती.

"चाचा, आधी हे घ्या. चाचींसाठी. दोन गुडघ्यांच्या मधे धरून झोपायचं, ठणका कमी होतो. दुकानाचं नाहीये हां हे. आम्हाला वर्षातून एक वस्तू मिळते, ती मी ही घेतली."

"आगं, तुज्या आईला न्यायची," गुलजार कसंबसं म्हणाला.

"आईचे गुडघे चांगलेत अजून." ती हसली. "सांगा त्यांना, रेश्मानं दिलीय म्हणून. माझं नाव तरी सांगितलंय का त्यांना?"

गुलजारनं उशी हातात घेतली. आतलं भरण त्याच्या बोटांना कळेना. कापूस नव्हता, शेवरी नव्हती. सहाही गुरुवार त्याला वाटत होतं, की या दुकानात वहिदा फक्त आपल्यापुरती जिवंत आहे. पण ती या पोरीपुरतीही जिवंत होती. आता 'सिंगल' म्हणायचं म्हणजे त्या पोरीच्या डोळ्यांदेखत तिला मारायचं, हातात तिच्यासाठी आणलेली उशी धरून.

"मग फायनल ना, चाचा?" रेश्मानं टॅब उघडला. "शेवटचं विचारते. सिंगल का डबल?"

मॅनेजर केबिनच्या दारात येऊन उभा होता.

"डबल," गुलजार म्हणाला.

टॅबवर बोटानं सही झाली. रेश्मानं सगळं समजावून सांगितलं. शनिवारी टेम्पो येईल, जुनी गादी ते लोक घेऊन जातील. "आणि घरी आल्यापासून सातव्या दिवशी फोन येईल, दोघांना झोप नीट लागते का विचारायला."

"फोन येनार?" गुलजारनं दोनदा विचारलं.

"नक्की येणार. नियमच आहे तसा."

परतीच्या गाडीत त्यानं नवी तजवीज केली. फोनवर सांगायचं. फोनवर तोंड दिसत नाही, हातात उशी नसते, मॅनेजर नसतो. गादी विकली गेलेली असेल, पोरीचं टार्गेट झालेलं असेल. तेव्हा सांगितलं तर तिचं नुकसान नाही. हवं तर पोटभर रागवेल. एवढं ठरल्यावर त्याला जरा हलकं वाटलं.

शनिवारी टेम्पो आला. दोन गडी भली थोरली गादी आडवी-उभी करत दारातून आत घेऊ लागले. शेजारच्या विजयमालावहिनी दारात येऊन बघत होत्या. गादी दोघांची आहे हे त्यांना दिसत होतंच. वहिदाच्या मातीच्या दिवशी गुलजारसाठी भाकरी त्यांनीच करून आणली होती. त्या म्हणाल्या, "मोटी घ्येतली ते बरं केलं, भाई. नईम आन् सून आल्यावर हुईल."

"व्हय," गुलजार म्हणाला.

गड्यांनी जुनी गादी उचलायला हात घातला. "ती ऱ्हाऊ द्या," गुलजार म्हणाला. "चाचा, बदल्यात सूट धरलीय," एकजण म्हणाला. "मग सूट घिऊन जावा, गादी ऱ्हाऊ द्या." तो काही ऐकेना तेव्हा ते फोनवर कुणाशी तरी बोलले, फरकाचे पैसे घेतले आणि गेले. जुन्या गादीची वळकटी करून गुलजारनं ती भिंतीला लावली. वळकटी करताना गादी मधल्या सखल जागेवर आपोआप दुमडली. ती सवय तिला होतीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जागा झाला आणि पडल्या पडल्या वर पत्र्याकडं बघत राहिला. काहीतरी चुकलं होतं. काय ते कळायला थोडा वेळ लागला. जिथं निजला होता तिथंच तो होता. डाव्या कडेला. पाठ दुखत नव्हती. उजवीकडं अर्धी गादी साफ, इस्त्री केल्यासारखी, आणि तिच्यावर रेश्मानं दिलेली उशी. दुसरीकडं कुठं ठेवायची, म्हणून त्यानं ती तिथं ठेवली होती. रोज पहाटे घसरत घसरत तो वहिदाच्या जागेपाशी जायचा. आता गादी त्याला जाऊ देत नव्हती. त्यानं एवढे दिवस दुखण्याची तक्रार केली, पण ते दुखणं कसलं होतं हे त्याला त्या सकाळी उमगलं, आणि तो रडला. मोठ्यानं रडला. घरात ऐकायला कुणी नव्हतं, त्यामुळं आवरायचंही कारण नव्हतं.

मग उठून त्यानं चहा केला. कप घेऊन परत आला, तर त्याच्या स्वतःच्या अंगाचा ठसाही गादीवर उरला नव्हता.

"ही बी इसरली," तो म्हणाला.

सातवा दिवस शनिवारीच येत होता. गुरुवार त्याच्या आधी आला. सवयीनं गुलजारनं सदरा घातला, फाट्यापर्यंत गेला, बारामतीची गाडी आली तशी तिला जाऊ दिलं आणि परत फिरला. शनिवारी मात्र तो सकाळपासून ओट्यावर बसला होता, मोबाईल धोतराच्या घडीवर ठेवून. वाक्य तयार होतं. आठ दिवस घोकलेलं.

अकराच्या सुमाराला फोन वाजला. बारामतीचा नंबर नव्हता, कुठला तरी लांबलचक होता. पण आवाज बाईचा होता, गोड, दुकानातल्या निळ्या कोटातला आवाज.

"नमस्कार. आमची गादी घेतल्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार..."

"रेश्मा, थांब. थांब, पोरी. आदी माजं ऐक," गुलजार घाईघाईनं म्हणाला. थांबलो तर राहील, ही भीती. "मी तुला खोटं सांगितलं. चाची न्हाय. वहिदा न्हाय. दोन वर्सं झाली. गेली ती. मला तितं सांगता आलं न्हाय. तू इचारलंस ना, कडक का मऊ, तवा मला... कुनी इचारलंच नव्हतं गं. तुजी उशी ठिवलीया मी. तिच्या अंगाला ठिवलीया. तुला राग आला आसंल तर..."

तो बोलत होता आणि पलीकडचा आवाजही बोलतच होता. एका सुरात, न थांबता, त्याचं बोलणं न ऐकता. गुलजार गप्प झाला, तेव्हा तो त्याला नीट ऐकू आला.

"...आपल्या नव्या गादीवर आपण समाधानी असाल, तर एक दाबा. समाधानी नसाल, तर दोन दाबा."

"रेश्मा?" गुलजार म्हणाला.

"आपण कोणताही पर्याय निवडलेला नाही. समाधानी असाल, तर एक दाबा. समाधानी नसाल, तर दोन दाबा."

गुलजारनं मोबाईल कानापासून काढून डोळ्यांसमोर धरला. पडद्यावर आकडे उमटले होते. आधी एक. त्याच्या शेजारी दोन. बराच वेळ तो त्या दोनाकडं बघत राहिला. आवाज तिसऱ्यांदा तेच सांगायला लागला. मग त्यानं अंगठा टेकवला.

"धन्यवाद. आपले उत्तर नोंदवण्यात आले आहे."

फोन बंद झाला. पलीकडच्या ओट्यावर विजयमालावहिनी शेंगा फोडत बसल्या होत्या. गुलजारभाई कुणाशी तरी बोलले, वहिदाचं नाव आलं, एवढं त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"कुनाचा फोन, भाई?"

"गादीवाल्यांचा."

"काय म्हनत हुते?"

"इचारत हुते," गुलजार म्हणाला, "निजनार कोन."

"मग? काय सांगितलं?"

गुलजारनं मोबाईल खिशात ठेवला.

"एक," तो म्हणाला.